धोप्याच्या वडीतली रेती

आमच्या गावच्या तलावात आता हंस आहेत. प्लास्टिकचे, पांढरे, पोटात दोन माणसं बसवून त्यांनाच पायडल मारायला लावणारे. रविवारी चंद्रपूर-गडचिरोलीकडची माणसं येतात, हंसात बसून फोटो काढतात आणि काठावरच्या टपरीत गरम भजी खातात. हे हंस आमच्या घरातल्या निवृत्त गुरुजींनी आणवले. घरातले म्हणजे माझेच. त्यांचं नाव मी अजूनही उखाण्याशिवाय घेत नाही, तेव्हा इथेही ते गुरुजीच राहतील.

तलाव तसा जुनाच, धानासाठी बांधलेला. एका बाजूला मातीची लांब पाळ; आमच्याकडे तिला पार म्हणतात. पारीच्या वर पाणी, खाली आमचं घर, वस्ती आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. या पारीच्या पायथ्याशी, घराच्या अगदी मागे, एका जागी बारा महिने ओल असायची. स्वच्छ, थंड पाणी झिरपत राहायचं. या ओलीचा शोध मी लावला.

असं मला तेव्हा वाटलं. मी नवी नवरी होते, चंद्रपूरची होते, आणि आमच्याकडे नळ आहे हे गावातल्या प्रत्येक बाईला एकदा सांगून झालं होतं. विहिरीवर जाताना मी उंच टाचेच्या चपला घालत असे. त्या टाचा चिखलात रुतल्या की घागर एकीकडे आणि मी दुसरीकडे. असल्याच एका फेरीत मी तिथे आपटले आणि मला 'झरा' सापडला. सासूबाईंना धावत जाऊन सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पारीचं पाणी आहे ते. पाझरते." मला त्यांची कीव आली. घरामागे झरा असून या बाईला त्याची किंमत नाही!

मी तिथे धोपा लावला. अळू म्हणतात ना तुम्ही, तोच. माहेरून कंद आणले. पुढच्या पावसाळ्यात पानं अशी झाली की एकेक डोक्यावर घेऊन बाजाराला जावं. गावात कोणाकडे तशी पानं नव्हती. माझ्या हाताला गुण आहे असं मी आधी दबक्या आवाजात आणि नंतर मोठ्याने सांगू लागले. चहाची पत्ती घालते, सकाळी पानांशी बोलते, असंही सांगायची. खरंच बोलायची मी. काय बोलायची ते सांगत नाही, लाज वाटते. बायका कंद मागून न्यायच्या, आपल्या अंगणात लावायच्या आणि पानं निघायची माझ्या तळहाताएवढी. मग मी मान वाकडी करून म्हणायची, "हातगुण असते बाई, तो काही उसना देता येत नाही." आज ती पोरगी समोर आली तर मी तिच्या त्या टाचा आधी तलावात फेकीन.

तर गुरुजी आणि हंस. निवृत्तीनंतर ते तलावाच्या समितीत गेले आणि त्यांना जणू दुसरी शाळा मिळाली. बाकं आली, हंस आले. पण पावसाळा संपता संपता पाणी उतरायचं आणि काठाजवळ हंस चिखलात टेकायचे. म्हणून तलाव भरला की जादाचं पाणी जिथून वाहून जातं, त्या सांडव्यावर गुरुजींनी मातीची पोती रचून घेतली. पाणी हातभर वर चढलं. धानवाले खूश, भजीवाले खूश. गुरुजी संध्याकाळी पारीवर उभे राहून तलावाकडे असे पाहायचे, जसे मी धोप्याकडे पाहायचे.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी नेहमीसारख्या वड्या केल्या. पानं नेहमीसारखी माझ्या झऱ्यातच धुतली. पंगत बसली. गुरुजींनी पहिली वडी तोंडात घातली आणि चावता चावता थांबले.

"काऊन व, पानं धुतले नाई का?"

"पानं धुतलेच आहेत. तुमची कवळीच खडखड करून राह्यली."

"कवळी मागच्या महिन्यात बसवली. ते नाई करत. रेती आहे यात."

मी पंगतीकडे पाहिलं. माझी जाऊ खाली मान घालून हळूहळू चावत होती, जसा आपण पाहुणे म्हणून गेल्यावर खड्यांचा भात चावतो तशी. ती म्हणाली, "जरासं कचकच लागते बाई. पण चव मस्त आहे." 'पण चव मस्त आहे' हे शब्द मी या जन्मात विसरणार नाही.

रागाने उरलेली पानं उचलली आणि मागे गेले. पुन्हा धुऊन सगळ्यांना दाखवायची होती ना. स्टीलचा प्याला पाण्यात बुडवला, तर पाणी गढूळ. पाऊस तर दोन दिवसांपासून नव्हता. प्याला दगडावर ठेवून दिला. जरा वेळाने पाहिलं, तर तळाशी बारीक, पिवळट माती बसलेली. धोप्याच्या बुंध्याशी वाकून पाहिलं. पाणी आता झिरपत नव्हतं. उकळी फुटावी तसं खालून येत होतं, आणि त्याच्याभोवती रेतीची छोटी गोल टेकडी झाली होती, मुंग्यांच्या वारुळासारखी.

प्याला तसाच नेऊन गुरुजींच्या पानाजवळ ठेवला. मुलांना आयुष्यभर त्यांनी नदी माती कशी वाहून नेते ते शिकवलं होतं. त्यांनी तळाशी बोट फिरवलं आणि पारीकडे पाहिलं. जेवण तिथेच राहिलं.

पण माणूस शेवटी गुरुजी. दुसऱ्या सकाळी चार माणसं घेऊन त्यांनी काळी माती आणली आणि ते तोंड ठोकून ठोकून बंद केलं. धोपा सोडून, माझ्या भीतीने. दुपारपर्यंत पाणी थोडं पलीकडे, गोठ्याच्या बाजूने फुटलं. आधीपेक्षा जोरात आणि जास्त गढूळ. तेव्हा मात्र त्यांनी पाटबंधारे खात्यात फोन लावला.

स्कूटी चालवत एक पोरगी आली. इंजिनिअर. माझ्या नातीपेक्षा जरा मोठी असेल. तिने ते पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "गुरुजी, हे दाबू नका. पाण्याला वाट पाहिजेच. तलाव वर चढवला, त्या दाबाने पार आतून धुपून राह्यली. पाणी जाऊ द्या, माती जाऊ देऊ नका."

मग काम सुरू झालं. पाणी फुटलं होतं त्या दोन्ही जागांभोवती पोत्यांचं कडं केलं, आत आधी जाड रेती, वर गिट्टी, वर दगड. पाणी त्यातून गाळून यावं आणि माती मागे राहावी, म्हणून. खालच्या घरांतल्या लोकांना शाळेत जाऊन राहायला सांगितलं, आम्हालाही. मात्र आधी तिने माझ्या धोप्याकडे बोट दाखवलं.

"आजी, हा काढावा लागेल. पाणी कुठून येते ते झाकलं जाते याने."

"मुळासकट?"

"मुळासकट."

मी स्वतःच कुदळ घेतली. खणता खणता विचारलं, "एवढी मोठी पानं कशाने येत असतील ग?"

"पाणी बारमाही होतं ना आजी. इथे तुम्ही झाडूचा दांडा रोवला असता तरी पालवला असता."

माझ्या जावेने तोंडाला पदर लावला. तो तिने अजून काढलेला नाही असं मला कधीकधी वाटतं.

माझं निभावलं, गुरुजींचं कठीण होतं. तलावाचं पाणी तातडीने, पण बेताने उतरवायचं होतं. तळाचं दार हळूहळू उघडायचं आणि सांडव्यावरची पोती काढायची. धानवाले जमले होते. धान गर्भात होता, लोंब्या अजून बाहेर यायच्या होत्या, पुढे पाणी लागणार होतं. एक म्हणाला, "गुरुजी, आता पाणी सोडलं तर दिवाळीच्या आधी आम्ही काय थुंकी लावावी का धानाले?"

गुरुजी धोतर खोचून सांडव्यात उतरले आणि आपण रचलेलं पहिलं पोतं स्वतः ओढलं. मग वर पाहून म्हणाले, "पार राह्यली तर अर्धं पाणी तरी राहील. पार गेली तर धानही नाई आन् तुम्ही-आम्हीही नाई. या, हात लावा." तो बोलणारा सगळ्यात आधी उतरला.

पाणी उतरत गेलं. दगडांतून येणारं पाणी आधी गढूळ, मग पांढुरकं, मग निवळ झालं. पार राहिली. धान काही बांध्यांत कमी पिकला, हेही खरं. हंस चिखलात एका कुशीवर कलंडले, आणि गुरुजी रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. मी चहा तिथेच नेऊन द्यायचे. तिथे बसून मी हंसांशी बोलायचे. सवय होतीच.

उन्हाळ्यात पार तिथे उकरली. आत खेकड्यांची जुनी बिळं निघाली. थरावर थर दाबून पार पुन्हा बांधली, आणि पायथ्याशी दगडाचा उतार करून त्यातून पाझराचं पाणी यायला एक नळी बाहेर काढली. सांडवा मूळ उंचीवर आणला आणि तिथे लाल रेघ मारली. ती ओलांडून पोतं ठेवायचं नाही, हे गुरुजी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगतात.

नळीचं काम माझ्याकडे आहे. पोरगी म्हणाली, "आजी, रोज प्याला भरून पाहायचा. निवळ असलं तर ठीक. गढूळ दिसलं तर लगेच फोन." मी रोज पाहते. धोपा आता न्हाणीजवळ ड्रममध्ये आहे. पानं तळहाताएवढी, आणि घशाला खाजरी.

मागच्या महिन्यात तलाव लाल रेघेपर्यंत भरला. गुरुजी म्हणाले, "चाल व, बसू हंसात." लग्नानंतर मी तलावात नावेतून फिरवा म्हणून रुसले होते, आणि त्यांनी मला मासे धरणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यात बसवलं होतं. काठ सुटताच मी अशी ओरडले की डोंगा परत वळवावा लागला. या वेळी ओरडले नाही. माझ्या गुडघ्यांमुळे पायडल ते एकटेच मारत होते.

मधोमध कमळं होती. ते दाखवत होते, मी पारीकडे पाहत होते.

"काय पाहून राह्यली?"

"सकाळी प्याला पाहायचा राह्यला जी."

त्यांनी हंस वळवला.