गाडी उतारावर घसरली

जंगल लागायच्या आधी जे शेवटचं गाव असेल, तिथे मिलिंद गाडी थांबवायचा. आधी हेल्मेट काढायचा. हेल्मेट घातलेल्या माणसाशी कोणी मोकळं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. मग हातपंपापाशी नाहीतर एखाद्या दारात बसलेलं वयस्क माणूस हुडकायचा आणि त्याच्यासमोर उकिडवा बसायचा. ‘‘भाऊ, आमी दोघं जन हाओत, ऊर्जानगरचे. ह्या बैलगाडीच्या वाटेनं पल्याडच्या गावाले जाऊन राह्यलो. तीन वाजेवरी परत येतो. नाई आलो तं नाल्याकडं कोनाले तरी धाडा.’’ म्हातारा मान हलवायचा, आम्हाला वरपासून खालपर्यंत बघायचा, आणि हमखास विचारायचा, ‘‘पन जाता काऊन?’’

‘‘असंच,’’ मिलिंद म्हणायचा. ‘‘काई काम नाई.’’

आम्हा दोघांनाही त्याहून बरं उत्तर कधी सापडलं नाही. आठवडाभर वीजकेंद्राच्या आवाजात आणि कोळशाच्या धुळीत काढल्यावर सुट्टीच्या दिवशी डांबर सोडून मातीवर यायचं, फुटरेस्टवर उभं राहायचं, आणि गाडी ज्या बाजूला जाऊ पाहते तिकडे थोडं जाऊ देत, थोडं आवरत पुढे जायचं. बस्स, एवढंच. राखीव जंगलात आम्ही कधी शिरलो नाही. गावागावांना जोडणाऱ्या गाडीवाटा, धान कापून झालेल्या बांध्यांच्या कडा, बोडीचा म्हणजे गावतळ्याचा बांध, हीच आमची हद्द.

मिलिंद बॉयलरच्या देखभालीत होता, मी कोळसा हाताळणीत. एकाच वसाहतीत दोन गल्ल्या सोडून राहत होतो, तरी ओळख नव्हती. मी नवी गाडी घेऊन वसाहतीमागच्या मोकळ्या मुरमाड जागेवर वळायचा सराव करत होतो आणि तिसऱ्यांदा तोंडावर पडलो होतो, तेव्हा तो सायकलवरून दूध घेऊन चालला होता. तो हसला नाही, धावतही आला नाही. पिशवी हँडलला अडकवून जवळ आला आणि विचारलं, ‘‘ब्रेक कोनता दाबला?’’

‘‘पुढचा.’’

‘‘मंग गाडीची काई चूक नाई.’’

एवढं बोलून तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला स्वतःची गाडी घेऊन आला. भंगारातून घेऊन, एकेक भाग जमवून, त्याने ती दोन वर्षांत उभी केली होती. टाकी एका गाडीची, बूड दुसरीचं. दिसायला कुरूप, पण चढावर ती बकरीसारखी चढायची. त्या दिवसापासून मी त्याचा गजू झालो आणि तो माझा मिलिंद.

त्याने मला शिकवलं ते बहुतेक थांबणंच. नाला आला की तो गाडी उभी करून पँट गुडघ्यापर्यंत वर करायचा आणि आधी चालत पलीकडे जाऊन यायचा. पाणी घोट्याएवढं असलं तरी. ‘‘डोये फसवतेत, पाय फसवत नाई,’’ म्हणायचा. बांबूच्या आडवळणावर इंजिन बंद करून मिनिटभर कान देऊन ऐकायचा. पुढे एखादं जनावर किंवा मोहफुलं वेचणारी बाई असेल, तर चाहूल आपल्याला आधी लागली पाहिजे की नाही? जमिनीवर मांडी घालून टायरमधली हवा थोडी कमी करताना तो बुद्धविहारात बसावा तसा शांत दिसायचा. मला मात्र थांबण्याचा कंटाळा होता. पहिली दोन वर्षं मी निमूट थांबलो. तिसऱ्या वर्षी मी हेल्मेटवर लावायचा कॅमेरा घेतला.

त्यानंतर मला घाई सुटली. मी नेटवर टाकलेले व्हिडिओ लोक पाहायचे आणि खाली लिहायचे, मला दर आठवड्याला आधीपेक्षा उभा चढ हवा असायचा. मिलिंद माझ्या व्हिडिओत फारसा दिसत नाही. दिसतो तेव्हा पाठमोरा, नाल्यातून चालताना.

त्या डिसेंबरात आम्ही कुरखेड्याकडे गेलो होतो. त्याच्या मोठ्या भावाचं गाव त्या बाजूला, मळणी उरकली होती. शनिवारी भावाकडे मुक्काम केला आणि रविवारी सकाळी परतीच्या आधी एक फेरी मारू म्हणून निघालो. शेवटच्या गावात मिलिंदने रिवाजाप्रमाणे एका म्हाताऱ्या गोंड भावाला गाठलं, ‘जय भीम’ केला, त्याने ‘जय सेवा’ केला, आणि आम्ही कुठे जातो ते त्याला सांगितलं. सात-आठ किलोमीटरवर वाट एका खोल नाल्यापाशी तुटली होती. मिलिंद उतरला, चालत खाली गेला, पलीकडचा काठ हाताने चाचपून वर आला.

‘‘नाई,’’ तो म्हणाला. ‘‘खाली गोट्याईवर शेवाळ हाय. अन् समोर चढाले पल्लाच नाई. बोडीवरून फिरून जाऊ.’’

‘‘फिरून जायला अर्धा तास जाईल.’’

‘‘जाऊ दे ना. कोन वाट पाहून राह्यलं?’’

‘‘तू म्हातारा झालास मिलिंद,’’ मी म्हणालो. कॅमेरा चालू होता, म्हणून जरा मोठ्यानेच म्हणालो.

‘‘होऊ दे,’’ तो हसत म्हणाला.

मी गाडी खाली घातली. तळाशी पुढचं चाक दोन दगडांत अडकलं आणि गाडी माझ्या पायावर आडवी झाली. सायलेन्सर पोटरीला चिकटला. मी ओरडलो असेन. मिलिंद चालत, जवळजवळ बसत खाली आला, गाडी उचलली, माझा पाय मोकळा केला, पोटरीवर पाणी ओतलं. एक शब्द रागाने बोलला नाही. मागे फिरायला जागा नव्हती, म्हणून समोरच्या काठावरच गाडी ढकलत चढवायची ठरली. मी इंजिन चालू ठेवून, हँडल धरून बाजूने चालायचं, तो मागून रेटणार.

‘‘मी सांगल तवाच क्लच सोड,’’ तो म्हणाला. ‘‘आधी मले पाय रोवू दे.’’

मी वाट पाहिली नाही. पोटरी जळत होती, तिथून एकदाचं बाहेर पडायचं होतं. मी रेस दिली आणि क्लच सोडला. गाडीने पुढचा भाग उचलला, सरळ उभी राहिली, माझ्या हातून सुटली आणि मागे पडली. मिलिंदला घेऊन ती नाल्याच्या तळापर्यंत गेली. त्याची पाठ एका धारदार खडकावर आदळली. तो आवाज मी अजून कोणाला सांगितलेला नाही, आणि इथेही सांगणार नाही.

गाडी बाजूला केली तेव्हा तो शुद्धीत होता. त्याने मला हलवू दिलं नाही. ‘‘हात नोको लावू. गावात जाय. चार मानसं आन, अन् फळी आन. माह्यी गाडी घेऊन जाय.’’ फोनला तिथे रेंज नव्हती. त्याला तसा एकटा टाकून जायला माझा पाय निघेना. तो म्हणाला, ‘‘गजू, जाय. मी इथीच हाओ.’’

गावात त्या म्हाताऱ्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. वाट त्याला माहीत होती. मला एकट्याला पाहून तो उठलाच, आणि दहा मिनिटांत पाच माणसं, एक खाट आणि दाराची एक फळी घेऊन वाटेला लागलासुद्धा. मी मिलिंदपाशी परत पोचलो तेव्हा दीड तास झाला होता. त्याने डोळे उघडले.

‘‘माह्या पायाले हात लाव बरं,’’ तो म्हणाला.

मी लावला.

‘‘लावला का?’’

‘‘हो.’’

तो आभाळाकडे बघत राहिला. ‘‘दुसऱ्या पायाले लाव,’’ म्हणाला. माझा हात एव्हाना त्याच पायावर होता.

गडचिरोली, तिथून नागपूर. सुजातावहिनी, त्याची बायको, संध्याकाळी दवाखान्यात पोचली. ती शाळेत शिक्षिका आहे. तिला प्रश्न सरळ विचारायची सवय. ‘‘भाऊजी, झालं कसं?’’

मिलिंद दोन हातांच्या अंतरावर, स्ट्रेचरवर होता. जागा होता. मी म्हणालो, ‘‘उतारावर गाडी घसरली त्याची.’’

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

‘‘तुमच्या क्यामेऱ्यात आलं असन.’’

‘‘कॅमेरा बंद होता,’’ मी म्हणालो. त्यातलं चित्रीकरण मी दुसऱ्या दिवशी पुसून टाकलं.

शस्त्रक्रिया झाली. कमरेखाली पुन्हा काही आलं नाही. तो बेचाळीस वर्षांचा होता, मुलगी प्रज्ञा दहावीत. दोन महिन्यांनी त्याला घरी आणलं. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी त्याची खाट टाकली. मी सुरुवातीला रोज जायचो. वहिनी त्याची कूस बदलायची, जखमा पुसायची, एकीकडे शाळा सांभाळायची, आणि हात चालू असताना तोंडही चालायचं. ‘‘पोरीकडं पाह्यलं नाई, माह्याकडं पाह्यलं नाई. गाडी पाह्यली. नोको जाऊ, नोको जाऊ, किती डाव सांगतलं होतं? चांगला धडधाकट मानूस हौसेपायी मातीत गेला, अन् आमाले बी घेऊन गेला.’’ मिलिंद ऐकून घ्यायचा. कधी माझ्याकडे बघायचा नाही. खिडकीबाहेरून एखादी मोटारसायकल गेली की हळूच म्हणायचा, ‘‘चेन ढिली हाय त्याची,’’ किंवा ‘‘ह्याचा प्लग गेला.’’ ते बहुधा बरोबरच असायचं.

एकदा वहिनी शाळेत असताना मी म्हणालो, ‘‘मिलिंद, मी वहिनीला खरं सांगतो. ती तुला असं बोलते ते मला ऐकवत नाही.’’

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाला, ‘‘नोको सांगू. मले तं ती बोलल अन् पानी बी पाजल. तुले घरात येऊ देनार नाई. मंग माह्याशी गाडीच्या गोष्टी कराले कोन येईन?’’

म्हणजे माझं येणं चालू राहावं म्हणून तो ते बोलणं सोसत होता. हे समजल्यावर मी रोज जायला हवं होतं. मी उलट केलं. त्या खोलीत बसणं मला जड जाऊ लागलं. रोजचं आठवड्यावर आलं, आठवड्याचं महिन्यावर. ड्यूटीच्या बसला जाताना त्याच्या खिडकीवरून जावं लागायचं, म्हणून मी मागच्या गल्लीने वळसा घालू लागलो. त्याचा फोन यायचा. ‘‘काऊन रे गजू, येऊन नाई राह्यला?’’ मी पाळी बदलल्याचं सांगायचो. एकाच कारखान्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला पाळ्या कळत नसतील? तो म्हणायचा, ‘‘बरं बरं. जमन तवा ये.’’ शेवटच्या वर्षी मी दोनदा गेलो.

गेल्या पावसाळ्यात पडून राहून त्याच्या पाठीला झालेल्या जखमा चिघळल्या, विष रक्तात भिनलं आणि चार दिवसांच्या तापात तो गेला. अंत्ययात्रेत मी खांदा दिला. सगळ्यांबरोबर त्रिशरण-पंचशील म्हटलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वसाहतीतले लोक बोलायला उठले. मलाही उठवलं, कारण त्याचा सगळ्यात जवळचा मित्र मीच. मी त्याच्या शिस्तीबद्दल बोललो, नाला चालून पाहण्याबद्दल बोललो. मागून एक जण हळू आवाजात म्हणाला, ‘‘इतका सांभाळून चालवणारा, अन् उतारावर घसरला कसा?’’ त्याने ते सहज म्हटलं होतं.

कार्यक्रमानंतर चौथ्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरी गेलो. वहिनी एकटी होती. खाटेवरच्या चादरी धुऊन वाळवल्या होत्या, त्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बोडीच्या वाटेने जाऊ म्हणाला तेही, क्लच सोडला तेही, पुसून टाकलेलं चित्रीकरणही. हातातली घडी तिने तीनदा मोडली आणि तीनदा घातली.

‘‘मी रोज बोलली त्याले, भाऊजी,’’ ती म्हणाली. ‘‘आंघोळ घालताना, कूस बदलताना. गेला त्या सकाळी बी बोलली.’’

तिने ती घडी खाटेवर ठेवली.

‘‘त्यानं काऊन नाई सांगतलं मले?’’

तेही सांगणं भाग होतं. ती मला घरात येऊ देणार नाही आणि त्याच्याशी बोलायला कोणी उरणार नाही, अशी त्याला भीती होती, हे मी सांगितलं.

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. ‘‘अन् तुमी तरी आले का?’’

बाहेर कोणाची तरी गाडी गेली. मी दाराकडे पाहिलं. जायला निघालो, तशी ती म्हणाली, ‘‘कुठी चालले? बसा. पोरगी पाच वाजता येते कालेजातून. ते बी बापावर राग धरून हाय. तिले तुमीच सांगा. मी नाई सांगनार.’’

साडेतीन झाले होते. तिने चहा विचारला नाही, पंखा मात्र लावला. मी त्या रिकाम्या खाटेसमोरच्या खुर्चीवर बसून राहिलो. ती आत गेली. भांड्यांचे आवाज येत राहिले, मध्येच थांबायचे, बराच वेळ काहीच यायचं नाही, मग पुन्हा सुरू व्हायचे. पाच वाजून गेल्यावर फाटक वाजलं. प्रज्ञाने चप्पल काढली, मला पाहून दारातच थबकली.

‘‘काका? आज इकडे कसे?’’

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ‘‘बस,’’ ती मुलीला म्हणाली. ‘‘बाबाचं काई सांगाचं हाय त्याईले.’’

प्रज्ञा दप्तर मांडीवर घेऊन खाटेच्या कडेवर बसली. मी बोलायला सुरुवात केली.