मंगळवारचा द्राक्षमळा

इटलीच्या सहलीचं शीट मी अकराव्यांदा बदलत होते, तेव्हा नवरा सोफ्यावरून म्हणाला, "चालेल."

त्याने शीट पाहिलंही नव्हतं.

सतरा वर्षं आम्ही ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात राहतोय आणि आमची प्रत्येक मोठी रजा पुण्याला गेली. या वर्षी पहिल्यांदाच मुलीच्या सप्टेंबरच्या सुट्टीत आम्ही तिघं दुसरीकडे जाणार होतो. हातात दिवस नऊ. रोमला भाड्याने गाडी घ्यायची, ऑर्व्हिएतो, सिएना, फ्लोरेन्स, राव्हेना अशी गावं करत बोलोन्याहून विमान पकडायचं. मी एका बिल्डरकडे एस्टिमेटिंगचं काम करते. कुठल्या बाथरूमला किती टाइल्स लागतील आणि त्यातल्या किती फुटतील, हे मोजण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे सहलीची आखणी कुणी करायची हा प्रश्न घरात कधी निघालाच नाही.

प्रत्येक गावापुढे मी किलोमीटर, मिनिटं आणि गाडी कुठे ठेवायची ते लिहिलं होतं. या जुन्या गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. वेशीवर कॅमेरा असतो, आणि दंडाचं पत्र महिन्यांनी घरी येतं. इथे टूवूंबाकडे शंभर किलोमीटर म्हणजे सरळ एक तास. तिथे डोंगरातले सदतीस किलोमीटर पंचावन्न मिनिटं खातात. हे सगळं मी शोधून काढलं होतं.

नवऱ्याने स्वतःहून एकच गोष्ट मागितली होती, तीही तीन वर्षांपूर्वी. द्राक्षमळ्यात बसून निवांत जेवायचं, वाइन प्यायची, आणि नंतर गाडी चालवायची नाही. टूवूंबात बस नावालाच आहे. कुणाकडेही जेवायला गेलो तरी परतताना स्टिअरिंग त्याच्याच हातात, कारण अंधारात रस्त्यावर कांगारू येतात आणि मला धडकी भरते. सतरा वर्षं तो एका ग्लासावर थांबला आहे. म्हणून मळ्याच्या दिवशी गाडी मी चालवणार, रस्त्याच्या उजव्या बाजूने, असं मी कबूल केलं होतं. तीन महिने मी आमच्या गाडीत त्याच्या डावीकडे बसून मनातल्या मनात चालवत होते, पायाने नसलेला ब्रेक दाबत. मुलगी मागून म्हणायची, "मॉम, यू आर ब्रेकिंग अगेन."

मळा सिएनाजवळचा. रविवार-सोमवार बंद. मंगळवारची दुपार मिळाली, मी लगेच जागा धरली.

मग एके दिवशी मुलीच्या दातांची अपॉइंटमेंट लिहायला मी फ्रिजवरच्या दिनदर्शिकेचं पान उलटलं. ही दिनदर्शिका दरवर्षी पुण्याहून येते. मंगळवारच्या चौकटीत छोटा गणपती होता. संकष्टी. आणि मंगळवारची, म्हणजे अंगारकी.

आमची मुलगी सातव्या महिन्यात झाली. तेव्हापासून नवरा संकष्टी करतो. सोळा वर्षांत एकही चुकलेली नाही. आणि मी तिथल्या पेट्रोल पंपांची दुपारची सुट्टी तपासली होती, पण माझ्या खुर्चीपासून एका मीटरवर लटकलेला कागद पाहिला नव्हता.

"मंगळवारी अंगारकी आहे," मी म्हटलं.

"हो, माहितीये."

"कधीपासून?"

"तू बुक केलंस तेव्हापासून."

"आणि बोलला नाहीस?"

"चालेल की. तुम्ही दोघी जेवा. मी द्राक्षं खाईन. द्राक्षं उपासाला चालतात."

"डॅड," मुलगी म्हणाली, "दॅट्स जस्ट सॅड."

मला इतका राग आला की मी लॅपटॉप मिटला. घराच्या भिंतींचा रंग, मुलीची शाळा, गाडीचं मॉडेल, सगळ्याला या माणसाचं "चालेल". ज्याला सगळंच चालतं त्याच्यासाठी काही ठरवणं म्हणजे भिंतीला मत विचारणं.

मळ्याला मेल केली. उत्तर आलं: गुरुवारी जागा आहे, त्याशिवाय नाही. गुरुवार राव्हेनाचा होता.

राव्हेना माझं होतं. तिथल्या जुन्या चर्चच्या छतांवर रंगीत काचेच्या नखाएवढ्या तुकड्यांची चित्रं आहेत. ते तुकडे कुणी मोजले असतील, किती वाया गेले असतील, हे मला तिथे मान वर करून बघायचं होतं. पण शीटमध्ये मी नुसतं "राव्हेना, चर्च, दोन तास" असं लिहिलं होतं. मी ती ओळ काढली, मळा गुरुवारी टाकला आणि नवं शीट छापून फ्रिजवर लावलं.

दुसऱ्या दिवशी नवरा चहाचा कप घेऊन फ्रिजसमोर बराच वेळ उभा राहिला.

"राव्हेना कुठे गेलं?"

"बसत नाही."

"हे चालणार नाही."

मला वाटलं, तो फोनवर कुणाशी तरी बोलतोय.

"तुला काय माहीत राव्हेनात काय आहे?"

"दोन वर्षं तुझ्या फोनच्या स्क्रीनवर त्या टाइल्सच तर आहेत. फ्लोरेन्स काढ."

"फ्लोरेन्स? अरे, महाराष्ट्र मंडळातले सगळे विचारतील."

"सांगू, गर्दी होती. फ्लोरेन्स कुणाला हवंय? तुला? हिला?"

"नॉट रिअली," मुलगी टोस्ट खात म्हणाली.

मग त्याने उभ्या उभ्या सांगितलं. अंगारकीला नाहीतरी जेवायचं नाही, तर मंगळवारी तो गाडी चालवत थेट राव्हेनाला जाईल. बुधवारी चर्च, संध्याकाळी उलटं सिएनाला. गुरुवारी मळा.

"तीनशे किलोमीटर जास्त पडतील."

"गुंडविंडीला बारशाला जाऊन त्याच दिवशी परत आलो होतो. तेव्हा कुठे मोजलेस?"

"मोजले होते. चारशे चाळीस."

मला बरं वाटायला हवं होतं. उलट आणखी चिडले. तीन महिने, अकरा शीटं. "हे आधी सांगायला काय होत होतं?"

"तुझं शीट इतकं पक्कं दिसतं ना, मध्ये बोट घालायला नको वाटतं."

मी लॅपटॉप उघडून फ्लोरेन्सची ओळ खोडली. हिशेब तुटून खालच्या सगळ्या चौकटी लाल झाल्या. शेजारची खुर्ची ओढली. "बस इथे. आणि चालेल म्हणायचं नाही."

तो बसला. जरा वेळाने त्याने विचारलं, मंगळवारी राव्हेनात चंद्रोदय किती वाजता?

तो रकाना शीटमध्ये नव्हता. मी घातला.