दादाच्या शिव्या

लढाई संपली, पलटणीतून कायमची सुटी मिळाली आणि मी गावी आलो. त्याच्या थोडं आधीच थोरला भाऊ गेला होता. तापाचं निमित्त झालं, मिरजेच्या दवाखान्यात नेला आणि तिथनं तो परत चालत आला नाही. मी पोचलो तेव्हा दिवसकार्यही उरकलं होतं.

घरात आबा, वहिनी, तिची दोन लहान लेकरं आणि दावणीला बैलजोडी. कुणाला कसं सावरायचं, याचा मी आगगाडीत बसून बराच विचार केला होता. आबांना धीर द्यायचा, लेकरांना खांद्यावर घेऊन हिंडवायचं, वहिनीला काही मागायची वेळ येऊ द्यायची नाही. बैलांचा विचार मात्र केला नव्हता, आणि नेमका नडला तो त्यातला तांबडा.

त्याच आठवड्यात गुऱ्हाळाची आमची पाळी लागली. ऊस तोडून पडला होता, रसाच्या काहिलीखाली चुलवण पेटलं होतं. मी बैल ऊस पिळायच्या चरकाला जुंपले. पांढरा गुणी होता. तांबडा दोन पावलं चालला आणि उभा राहिला.

"अरं, रस कुठाय?" गूळ करणारा गुळव्या ओरडला. "काहिल करपंल की!"

दादानं बैलाला कधी चाबूक लावला नव्हता. मी नुसता हातात घेतला, तर आबांनी डोळे वटारले. दादा बैल हाकायचा तो शिव्यांवर, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हटलं, हे आपल्याला जमेल. पलटणीत मी साऱ्या मुलखाच्या शिव्या शिकलो होतो. एकेक ठेवणीतली काढली. तांबडा डोळे मिटून रवंथ करायला लागला.

एवढ्यात वहिनी भाकरी घेऊन आली. दादा गेल्यापासून तिचा आवाज असा कुणी ऐकलाच नव्हता. पदर डोळ्यांपर्यंत ओढून चिपाडाच्या ढिगापाशी बसली. माझी फजिती बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "भावजी, तसं न्हाई."

"मग कसं? सांग की."

तिनं आबांकडं चोरून पाहिलं. "मामंजी हायती."

मी आबांना सांगितलं, गुळव्या काकवी चाखायला बोलावतोय. ते उठून खोपीच्या पलीकडं गेले. वहिनी चरकापाशी आली, घसा खाकरला आणि थेट दादाच्या चालीवर सुरू झाली.

"चल रं मुंडाशा! मिशीला लोणी लावून झालं न्हाई व्हय अजून? आंगोळीला दुपार आन जेवाय पैला! ढेकर दिऊन शिवार उठवतोस, आता पाय उचल की!"

तांबड्यानं कान टवकारले आणि चरक गरगर फिरायला लागला. मी मात्र जागीच उभा. बैलाला मुंडासं कुठनं आलं? मिशी कुठली? आणि मग उजेड पडला. आबांपुढं जन्मात मान वर न केलेला आमचा गुणी दादा रोज राना-शिवारात, चारचौघांदेखत, आबांच्या नावानं बैल हाकत होता!

"घोरण्याचं ऱ्हायलं," मागनं आवाज आला.

आबा खोपीच्या कुडाआड उभे होते. वहिनीनं जीभ चावून पदर पुढं ओढला.

"ढेकराच्या म्होरं घोरण्याचं म्हनायचा त्यो. इसरलीस."

"आबा, तुमाला ठावं हुतं?" मी विचारलं.

"दोन रानं पलीकडं ऐकू जायचं, मला न्हाई व्हय ऐकू येनार? बोलाय गेलो असतो तर बैल थांबला असता." एवढं बोलून त्यांना हसू आलं. हसता हसता खाली बसले आणि मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसत राहिले. वहिनी बैलांच्या मागनं चालत शिव्या देत होती आणि रडतही होती. मी उगाच चिपाडं गोळा करायला लागलो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

पुढं हंगामभर चरक तिनंच हाकला. आत्याबाई दुखवट्याला आल्या, तेव्हा गळा काढायचा सोडून ऐकतच राहिल्या. "आवो आबा, रांडमुंड सून सासऱ्याचा उद्धार करतीया!"

"बैलाला बोलती," आबा मिशीवरनं हात फिरवत म्हणाले. "तुला बैलात आन माझ्यात काय साम्य दिसलं?"

आत्याबाई चहा न घेता उठल्या.

गुऱ्हाळ संपल्यावर सांगलीत मोटार चालवायचं काम चालून आलं. मी नको म्हणणार होतो. घर उघड्यावर टाकून जायचं कसं? वहिनीनंच विषय काढला. "तुमी जावा, भावजी. रान मी बघीन. पोरांच्या साळंचं तेवढं तुमी बघा." मग पदराआड हसून म्हणाली, "हितं तसाबी तुमचा काय उपेग न्हाई."

मी सांगलीला गेलो. लेकरं पुढं माझ्याकडंच राहून शिकली. सुट्टीला गावी जाताना दोघं वाटेत आईच्या चालीवर आजोबांचा उद्धार पाठ म्हणत. शब्द अडला तर घरी पोचल्यावर आजोबांनाच विचारत, आणि आबा दुरुस्त करून सांगत.