सरकारी भावाचा पाव

सासरे गेले आणि पावाची भट्टी मावशींच्या गळ्यात पडली. दीर पीठ मळायचा, मावशी भट्टीपाशी उभ्या. उभं राहून राहून गुडघ्यांनी कधीच हात टेकले होते, पण गल्लीला पाव लागायचाच.

त्या वर्षी पीठ महागलं, म्हणून मावशींनी पावाचा भाव वाढवला. लोकांनी ओरड केली. सरकारने हुकूम काढला: साधा पाव जुन्याच भावाने विकायचा. खिडकीशी ही मोठी रांग लागली. लोक खूश; मावशी मात्र जेवढे पाव विकतील तेवढ्या तोट्यात.

दीर म्हणाला, "वहिनी, पाव जरा लहान करू."

केला. तपासनीस आला, पाव तोलला, दंड ठोकला. माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाला, "मी तरी काय करू, मावशी? रांगेत उभं राहूनही पाव मिळत नाही म्हणून घरी बायको माझ्यावरच करवादते."

मग साधा पाव बंदच झाला. गोड बनपावाला हा हुकूम लागू नव्हता, म्हणून भट्टीत नुसते बन जाऊ लागले.

एका संध्याकाळी म्हातारे पोस्टमन आले. "आमच्या हिला साखर वर्ज्य आहे. जास्त पैसे घ्या, पण साधा पाव द्या."

"जास्त घेतले तर मी चोर, नाही घेतले तर मी खुळी," मावशी म्हणाल्या आणि घरच्यासाठी भाजलेला पाव तसाच काढून दिला. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी आणखी चौघं उभी. मावशींनी त्यांना चढ्या भावाने पाव दिला, पदराआड धरून. स्वतःच्या हातचा पाव असा लपवून विकताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अखेर सरकारने हुकूम मागे घेतला. भाव चढला, फळ्या पावांनी भरल्या, रांग नाहीशी झाली. दीर खूश होता. पण रोज पाव नेणारी तीन पोरांची धोबीण दिसेनाशी झाली होती, हे मावशींच्या ध्यानात आलं.

बऱ्याच दिवसांनी ती आली. "अर्धा देता का?"

मावशींनी पाव कापला, मोठा तुकडा तिला दिला आणि पैसे अर्ध्याचेच घेतले.

"वहिनी, हे रोज परवडायचं नाही," दीर हळूच म्हणाला.

"कळतंय रे मला," म्हणत मावशी पिठाच्या पोत्यावर टेकल्या. "तू पीठ मळायला घे. मी बसते जरा."