बेटवाल्या सरांची नौका

सर कविता नेहमी उभ्यानं वाचत, आणि तेही पायांतले जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून. परदेशातल्या आमच्या न्यू लिन उपनगराच्या लायब्ररीतल्या गार फरशीवर अनवाणी उभे असलेले सत्तरीतले सर पाहून मला पहिल्या दिवशी हसू आवरेना. "बसून वाचायला हा काय पेपर आहे?" असं म्हणून त्यांनी माझं तोंड बंद केलं.

नागपूरला कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर ते इथं मुलीकडे आले. दर शनिवारी आम्हा आठ-दहा मराठी मंडळींना कॅरिबियन बेटांवरच्या कवींच्या कविता वाचून दाखवत, म्हणून ते बेटवाले सर. खरं सांगायचं तर सुरुवातीला मी चिवड्यासाठी जायचो. "जुन्या महाकाव्यांत सगळा थाट राजांचा. या बेटवाल्यांनी काय केलं? तो थाट उचलला आणि कोळ्यांना, मोलकरणींना देऊन टाकला. कुणाची परवानगी विचारली नाही!" असं म्हणून ते टेबलावर थाप मारत आणि स्वतःच खूश होत.

एकदा मी त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्यांच्या नातीला, मैत्रीला, शाळेतून काम मिळालं होतं. इथल्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या, रिवाजाप्रमाणे सगळ्यांसमोर आपली ओळख सांगायची: आपला डोंगर, आपली नदी, आपले पूर्वज ज्या नौकेतून आले ती नौका, म्हणजे वाका. पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. "आजोबा, व्हॉट्स अवर वाका?" तिनं विचारलं. तिची आई स्वयंपाकघरातून ओरडली, "विमानाचं नाव लिहून टाक गं!" मी हसलो. सर हसले नाहीत.

त्या शनिवारी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. "महाकाव्यात साध्या सैनिकालासुद्धा वंशावळ असते, प्रशांत. मला आजोबांच्या पलीकडचं एक नाव माहीत नाही. गावकुसाबाहेरच्यांची वंशावळ कोण लिहून ठेवतो? पोरगी सगळ्यांसमोर काय सांगणार, आमचं काहीच नव्हतं म्हणून?" मी नुसता चहा आणून दिला.

कार्यक्रमाच्या दिवशी सरांच्या मुलीला ड्यूटी होती, म्हणून त्यांना शाळेत मी घेऊन गेलो. मैत्री उभी राहिली, "किया ओरा" म्हणत माओरीत नमस्कार केला आणि डोंगर, नदी सांगून झाल्यावर इंग्रजीत म्हणाली की आमची नौका म्हणजे रेल्वेची ट्रॉली. साहेब वर बसायचा आणि माझे पणजोबा ती रुळांवरून पळत ढकलायचे. त्या पगारावर आजोबा शिकले, म्हणून आम्ही इथवर आलो. मग थांबून, अडखळत, मराठीत म्हणाली, "त्यांचं नाव गणपत."

वडिलांची ही गोष्ट सरांनीच तिला कधीतरी सांगितली होती; ते लहान मुलासारखे रडले. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. त्या संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला आणि बाबांना माझ्या पणजोबांचं नाव विचारलं. बाबा म्हणाले, "माहीत नाही रे. कधी कुणी विचारलंच नाही."