नानांचा ब्लाउज

हसा, पोटभर हसा. पण मधेच ‘अगं, तुला कळलं कसं नाही?’ असं मात्र विचारायचं नाही. तो प्रश्न मी स्वतःलाच इतक्या वेळा विचारलाय की आता लाज वाटायचीही बंद झालीय. आणि वर मी भाषाशास्त्रातली डॉक्टर!

कॉलिंग कार्ड खरवडून भारतात फोन करायचे ते दिवस. मी जर्मनीत रेगेन्सबर्गला पीएचडी करत होते. तिथली बाकीची मराठी मंडळी म्हणजे गाड्यांच्या कारखान्यातले इंजिनियर. गणपतीला जमलो की ठरलेला संवाद.

“तू कशात आहेस?”

“नाहुआत्लमध्ये.”

“नवीन सॉफ्टवेअर का?”

“नाही हो. मेक्सिकोतल्या मूळ लोकांची भाषा.”

“म्हणजे स्पॅनिश!”

“स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधीपासूनची.”

“अच्छा अच्छा. मोदक घे.”

माझा विषय होता आदर. आपण अहो-जाहो करतो, तशी ती माणसं शब्दालाच ‘त्सिन’ अशी आदराची शेपटी लावतात. हे सगळं मी शिकले होते चारशे वर्षांपूर्वीच्या व्याकरणांतून. म्हणजे एखाद्या जर्मन माणसानं जुन्या पोथ्या वाचून मराठी शिकावं आणि थेट कराडच्या मंडईत उतरावं, तशी माझी तयारी!

पुढच्या उन्हाळ्यात मेक्सिकोतल्या एका खेड्यात राहायला जायचं होतं. त्याची पूर्वतयारी म्हणून वर्षभर आधीच्या उन्हाळ्यात तिथल्याच एका शिक्षिकेला आमच्या विभागानं सहा आठवडे बोलावून घेतलं. दोन्या आमालिया, ‘दोन्या’ म्हणजे आपल्याकडचं ‘बाई’. पंचावन्नच्या आसपास, ठेंगण्या, लांबसडक वेणीत रिबन गुंफलेली. आम्ही पाच विद्यार्थी. पुढच्या वर्षी कोणाला त्यांच्या घरी न्यायचं आणि किती दिवस, हे त्याच ठरवणार. मला काहीही करून जायचंच होतं.

वर्ग भरायचा त्यांच्या गेस्टहाउसमध्येच. नियम एकच. त्यांच्या गेस्टहाउसचा उंबरा ओलांडला की फक्त नाहुआत्ल. जर्मन नाही, इंग्रजी नाही, स्पॅनिशसुद्धा नाही. जो मोडेल त्यानं सगळ्यांची भांडी घासायची.

पहिल्या दिवशी घराबद्दल सांगायचं होतं. माझं घर म्हणजे नाना. माझे वडील, त्यांना अख्खं कराड नाना म्हणतं. शाळेतले निवृत्त पीटी शिक्षक. आता ‘माझं’ म्हणायला त्या भाषेत शब्दाच्या आधी ‘नो’ लावतात. मी लावला. नोनाना! व्याकरण कसं, चोख!

आमालियाबाईंचा चेहरा उजळला. छातीवर हात ठेवून त्यांनी पुन्हा म्हटलं, “नोनाना…” मला वाटलं, काय आवडलंय हो नाव यांना!

गंमत अशी, की त्या भाषेत तो आणि ती असा फरकच नाही. क्रियापदाला बाई-पुरुष कळत नाहीत. त्यामुळे माझी गाडी सुसाट सुटली. नोनाना पहाटे उठून दंड काढतात. नोनाना शिट्टी वाजवतात तेव्हा पोरं थरथर कापतात. नोनाना घोरतात, शेजारी ऐकू जातं इतके. आमालियाबाई दरवेळी मान हलवायच्या, त्यांच्या नजरेतला आदर वाढतच चाललेला.

मग चेहऱ्याचे अवयव आले. मी ऐटीत वाक्य टाकलं, “नोनानाला मोठ्या मिशा आहेत.”

आमालियाबाईंनी माझा हात हातात घेतला. स्वतःच्या हनुवटीवरचे दोन केस दाखवले आणि हळूच म्हणाल्या, “वय झालं की होतं असं. वाईट वाटून घेऊ नये.”

मला वाटलं, विनोद केला. मी खो खो हसले. त्या दचकल्याच!

तुम्ही म्हणाल, बाकीचे चार जण काय करत होते? माझ्या शेजारी येन्स बसायचा, आमच्यातला सगळ्यात हुशार. तो आधी एकदा त्या भागात राहूनही आला होता. पण त्याला वाटलं, असतील हिच्या घरी तशा. आणि कुणाच्या घरच्या माणसाच्या मिशांबद्दल जर्मन माणूस जन्मात प्रश्न विचारणार नाही.

शेवटच्या आठवड्यात नाना यायचे होते. आयुष्यातला पहिला विमान प्रवास. मी कॅलेंडरवर बोट ठेवून ही बातमी दिली, तर आमालियाबाईंच्या डोळ्यांत पाणी!

“एकटी? समुद्रावरून?”

हे मी मराठीत सांगतेय म्हणून तुम्हाला ‘एकटी’ ऐकू आलं. मला त्या शब्दात बाई-पुरुष काहीच ऐकू आलं नाही.

त्यांची स्वतःची आई गावी होती, ऐंशीच्या पुढची. तिला सोडून त्या पहिल्यांदाच इतक्या लांब आल्या होत्या. तेव्हापासून रोज चौकशी. नोनाना काय खाते? थंडी सोसेल का? अंगानं केवढी? मला वाटलं, विशेषणांचा सराव चाललाय. मी दोन्ही हात फाकवून ओरडले, “वेयी! वेयी!” म्हणजे मोठ्ठे! त्यांनी माझ्या त्या पसरलेल्या हातांचं दोऱ्यानं माप घेतलं. आता वर्गात दोरा कशाला, असा प्रश्न मला पडायला नको होता? नाही पडला.

मग त्या म्हणाल्या, नोनाना माझ्याकडेच राहील. माझ्या वसतिगृहाच्या खोलीत एकच पलंग, मी आनंदानं हो म्हटलं. गेस्टहाउसला चांगल्या आठ-दहा खोल्या होत्या की!

नाना आले. येन्स स्टेशनवर मदतीला आला होता. जुलै महिना, तरी नानांच्या डोक्यात माकडटोपी, खाली पांढऱ्याशुभ्र झुपकेदार मिशा. “विमानतळावर सगळे ‘हेर्र गोऽरपाडे’ म्हणत होते,” नाना वैतागले होते. “घोरपडे म्हणायला काय होतं यांना?”

आम्ही तिघं गेस्टहाउसवर पोचलो. दार उघडं. आत दोन पलंग शेजारी शेजारी, दोन्हींवर सारख्या चादरी, मधल्या टेबलावर फुलं. एका उशीवर पांढरा ब्लाउज घडी करून ठेवलेला. गळ्याभोवती लाल-हिरव्या दोऱ्यानं पक्षी, फुलं, पानं. बोटभर जागा रिकामी नाही असं भरतकाम. आमालियाबाई नवा झगा घालून उभ्या. त्यांनी नानांकडे पाहिलं, मग नानांच्या मागे पाहिलं, मग जिन्यात वाकून पाहिलं.

“मोनाना कुठंय?” तुझी नाना कुठंय?

“हे काय!” मी नानांना पुढे ढकललं. “नोनाना!”

आमालियाबाई मिशांकडे बघत राहिल्या. आणि येन्सनं बॅग खाली टाकून नियम मोडला. घडाघडा जर्मनमध्ये म्हणाला, “थांब थांब! हे तुझे *वडील* आहेत? अगं, यांच्या गावात ‘नाना’ म्हणजे आई!”

पोथ्यांमध्ये तो शब्द ‘नांत्ली’ असा येतो. हजारदा वाचलेला. परीक्षेत लिहिलेला. धरणी पोटात घेत नाही हो अशा वेळी, मी वाट पाहिली.

“काय झालं गं?” नाना म्हणाले.

“नाना… मी यांना पाच आठवडे सांगतेय की तुम्ही माझी आई आहात.”

नानांनी पलंगांकडे पाहिलं. ब्लाउजकडे पाहिलं. “आणि हा?”

“तुमच्यासाठी. रोज थोडा थोडा भरलाय त्यांनी.”

तोवर येन्सनं आमालियाबाईंना सगळा घोटाळा सांगितला होता. त्यांनी मला विचारलं, मग तुझी खरी आई? मी फक्त एक क्रियापद म्हणाले. गेली. मी आठ वर्षांची होते तेव्हा.

त्या पलंगावर बसल्या. मला पुढचं सांगायचं होतं, पण पोथ्यांत ते शब्दच नव्हते. मग मी त्यांचीच वेणी हातात घेतली, नानांकडे बोट दाखवलं, आणि वेणी घालायची नक्कल केली. करकचून, भुवया वर जातील इतकी घट्ट. पीटीचे शिक्षक ते; केसांनाही शिस्त लावायचे! आमालियाबाई रडता रडता हसायला लागल्या.

मग उठल्या, नानांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पियाली, नाना.” नमस्कार, नाना.

नानांची छाती फुगली. “बघ! या देशात पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव नीट घेतलं!”

आणि माझ्याकडे न बघता त्यांनी तो ब्लाउज उचलला आणि डोक्यावरून शर्टावर चढवला. अंगात बसला हो! दोऱ्याचं माप होतं ना. “एवढं केलंय बाईंनी,” ते हळू आवाजात म्हणाले, “वाया कसं जाऊ द्यायचं?” मला तेव्हा त्यांच्याकडे बघवलं नाही.

नाना राहिले येन्सकडे. पण रोज दुपारी गेस्टहाउसच्या बाकावर, ब्लाउज घालून. ते मराठीत बोलायचे, त्या नाहुआत्लमध्ये. दोघांच्या गावच्या आंब्यांबद्दल चाललेलं असायचं, असं नाना शपथेवर सांगतात. मी पाच आठवडे रट्टा मारून जे बोलले नसेन ते या दोघांनी पाच दिवसांत उरकलं.

सप्टेंबरमध्ये विभागात निकाल लागला. येन्सला सहा आठवडे. आणि मला? तीन महिने! मी हवेत! कराडला फोन, पुण्याला फोन, इंजिनियर मंडळींना जिलबी. “सगळ्यात जास्त मुदत मलाच. बाईंनी स्वतः शिफारस केलीय!”

व्हिसाच्या कागदांसाठी प्रोफेसरबाईंनी त्या शिफारशीचं जर्मन भाषांतर माझ्या हातात दिलं. मी ते दारातच उभ्यानं वाचलं.

“मुलगी गुणी आहे. बोलते सुरेख. ऐकत मात्र अजिबात नाही. हिला सहा आठवडे पुरायचे नाहीत.”