चष्मा जाणार की येणार?

शपथेवर सांगतो, यातलं अक्षरन्‌अक्षर खरं आहे. फक्त शपथ घेताना चष्मा काढलेला होता, त्यामुळे हात नक्की कशावर ठेवला होता ते सांगता येणार नाही! बिबवेवाडीतल्या आमच्या बॅडमिंटन ग्रुपमध्ये खेळ अर्धा तास आणि गप्पा दीड तास. किस्से साठणारच. सध्याचे सगळे माझ्या चष्म्याचे. नंबर उणे सात, वय सेहेचाळीस आणि प्रश्न एकच: लेसर करून टाकावं का?

*

सुरुवात एका स्मॅशने झाली. मी उडी मारली, चष्मा नाकावरून उडाला तो थेट नेटपलीकडे. तिथे सत्तरीचे देशपांडेकाका तयारीतच होते. त्यांनी बॅकहँडने तो परत पाठवला! वर शांतपणे विचारलं, "पॉइंट कुणाचा?"

त्याच दिवशी ग्रुपचा ठराव झाला: याचं लेसर झालंच पाहिजे.

*

सदाशिव पेठेतल्या डॉक्टर मॅडमनी डोळे तपासले. "लेसर होईल. लांबचं स्वच्छ दिसेल. पण तुमचं वय बघता वाचायला चष्मा लागेल."

"आत्ता तर मी चष्मा काढून पेपर वाचतो!"

"ते बंद होईल."

"म्हणजे चष्मा जाणार?"

"जाणार."

"आणि येणार?"

"येणार."

"मॅडम, तुम्ही स्वतः का नाही केलंत?"

त्यांनी आपला चष्मा नाकावर सरकवला. "मला शोभतो. पुढचे पेशंट!"

*

ग्रुपमधल्या सलीमभाईंचं फरशीचं दुकान आहे. त्यांनी गेल्या वर्षी लेसर केलं. म्हटलं, अनुभवी माणसाला विचारावं.

"पहिल्याच सकाळी छताची जळमटं दिसली," ते म्हणाले. "मी मूर्ख, बायकोला सांगून बसलो."

"मग?"

"म्हणाली, 'दिसलीच आहेत तर काढा!' तेव्हापासून दर रविवारी शिडीवर असतो. तुम्ही जरा विचार करून करा."

*

ऑपरेशनची वेळ शनिवारची, आणि शुक्रवार उजाडला तरी माझं काही ठरेना. शेवटी बायकोला, वंदनाला, विचारलं. त्या गोंधळात वीस वर्षं दडवलेली गोष्टही बोलून गेलो. तिला पाहायला गेलो तेव्हा रुबाबासाठी चष्मा खिशात ठेवला होता. समोर नुसता एक पिवळसर ढग! त्या ढगाकडे बघत होकार दिला.

"माहितीये," ती मेथी निवडत म्हणाली. "पोहे संपेपर्यंत तुम्ही माझ्या आत्याकडे बघून लाजत होतात."

"अगं, मग तू हो का म्हणालीस?"

"आत्याच म्हणाली, मुलगा नजर हलवत नाही. एकनिष्ठ दिसतो."

तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "चष्मा काढून आयुष्यात एकच मोठा निर्णय घेतलात. तो चुकला का?"

शनिवारी सकाळी दहा वाजता मी ऑपरेशनच्या फॉर्मवर सही केली.

आता कबुली देतो. या सगळ्यात रचलेलं एवढंच, की ती आत्या नव्हती. सासरे होते.